पाचर : ‘लोटस ७२’ची जडणघडण आणि कारकीर्द

फॉर्म्युला वन या मोटार-शर्यतींच्या जगज्जेत्यांची यादी १९५० सालापासून सुरू होते. त्या यादीत १९७० या वर्षापुढे योखेन रिंट हे नाव आहे. त्याचे विजेतेपद निश्चित झाले ते ४ ऑक्टोबर १९७० रोजी, आणि रिंट ५ सप्टेंबरलाच गेला होता. मरणोत्तर जगज्जेता ठरलेला तो आजवरचा एकमेव चालक. ज्या गाडीने त्याला हे पद जवळजवळ मिळवून दिले, त्याच गाडीत त्याचा अंत झाला. त्या गाडीचे नाव ‘लोटस ७२’.

मी मोटार-शर्यतींचा शौकीन नव्हे. तंत्रनिकेतनात बरीच वर्षे यंत्ररचना हा विषय शिकवला, एवढाच माझा अधिकार. पोकळ दांड्यात पिळामुळे निर्माण होणारा ताण हा त्या विषयातला एक रूक्ष धडा. मुले जांभया देत तो उतरवून घेत. त्यांना जाग येईल असे एखादे उदाहरण शोधताना ही गाडी मला भेटली आणि मग धडा बाजूला राहून गाडीच्याच मागे लागलो. पुढचे लेखन हे त्या नादातून जमवलेल्या माहितीचे आहे. वाचकाला यंत्रशास्त्र येत असावे अशी माझी अपेक्षा नाही. पिळलेला ओला पंचा ज्याने हातात धरला आहे, त्याला यातले सगळे समजेल.

गाडीमागचा मेंदू होता कॉलिन चॅपमन. जन्म १९२८, शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, आणि विषय बांधकामाचा. म्हणजे हा माणूस मुळात मोटारींचा अभियंता नव्हे. पूल आणि इमारती यांचे भार कसे वाहिले जातात हे शिकलेला. त्याच्या गाड्यांकडे पाहताना हे विसरून चालत नाही. पूल बांधणारा प्रत्येक तुकड्याला विचारतो, तू कोणता भार वाहतोस? जो काहीच वाहत नसेल त्याला रजा. चॅपमनने हाच प्रश्न मोटारीला विचारला. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात हेथेल येथे दुसऱ्या महायुद्धातला एक सोडून दिलेला विमानतळ होता; तेथे त्याने कारखाना थाटला आणि धावपट्टीचा उपयोग गाड्या तपासण्यासाठी केला. त्याचे पहिले प्रेम हलकेपणावर. शक्ती वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगाने जाते, वजन कमी केले तर ती सगळीकडेच वेगाने जाते, असे तो म्हणत असे म्हणतात. शब्द त्याचे असोत वा नसोत, गाड्या मात्र याच विचाराच्या होत्या.

१९६७ साली त्याने ‘लोटस ४९’ आणली. फोर्डने १ लाख पौंड घातले आणि कीथ डकवर्थ नावाच्या विलक्षण अभियंत्याने ‘डीएफव्ही’ हे तीन लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन रचले. ४९मध्ये हे इंजिन चौकटीत बसवलेले नव्हते. चालकाच्या पाठीमागे गाडीची चौकट संपतच होती. तिला बोल्टांनी इंजिन जोडले आणि मागची चाके इंजिनाला आणि गिअरबॉक्सला टांगली. इंजिन हाच गाडीचा कणा. नेदरलँड्समधल्या झांडफोर्ट येथे पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कने ती जिंकून दाखवली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये हॉकेनहाइमला, वेगळ्या वर्गाच्या एका शर्यतीत, क्लार्क गेला. चॅपमनचा तो केवळ चालक नव्हता, जिवलग होता.

१९६९पर्यंत डीएफव्ही इंजिन इतर संघांनाही विकत मिळू लागले. सगळ्यांकडे तेच इंजिन म्हटल्यावर फरक पाडायचा तो गाडीने. चॅपमनने चारही चाकांना शक्ती देणारी ‘लोटस ६३’ करून पाहिली. ती जड आणि बोजड निघाली. त्याच वर्षी स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या माँटजुइक रस्त्यांवर त्याच्या दोन्ही गाड्यांचे उंच खांबांवर बसवलेले पंख शर्यत चालू असताना एकामागोमाग मोडले. हे पंख म्हणजे उलटे बसवलेले विमानाचे पंख. विमानाचा पंख वर उचलतो, हा गाडीला खाली दाबतो, त्यामुळे वळणावर टायर रस्ता सोडत नाहीत. तो मोडला की दाब क्षणात नाहीसा होतो. ग्रॅहॅम हिल बचावला. दुसऱ्या गाडीत रिंट होता; त्याची गाडी हिलच्याच मोडक्या गाडीवर जाऊन आदळली आणि त्याला चेहऱ्याची दुखापत व मेंदूला मार घेऊन रुग्णालयात जावे लागले.

रिंटविषयी थोडे सांगायला हवे. जन्म १९४२, जर्मनीतल्या माइंझ शहरात. घरची मसाल्याची गिरणी. आई-वडील १९४३मध्ये हँबर्गवरच्या बाँबवर्षावात मारले गेले, तेव्हा तो सव्वा वर्षाचा होता. आजी-आजोबांनी ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे त्याला वाढवले. नागरिकत्व जर्मन, शर्यतीचा परवाना ऑस्ट्रियाचा. ऑस्ट्रियाने त्याला आपलाच मानले. चेहरा मुष्टियोद्ध्यासारखा, नाक थोडे दबलेले, बोलणे सडेतोड. त्या अपघातानंतर त्याने चॅपमनला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा : तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की काही पौंड वजन जास्त घालून नाजूक भाग मजबूत केले तरी आपण स्पर्धेत राहू, ज्या गाडीवर माझा थोडाफार विश्वास आहे तीच मी चालवू शकतो. पत्राचा सूर भांडखोर नाही. एका कारागिराने दुसऱ्याला हिशेब समजावून सांगावा तसा आहे. मला ते वाचून नेहमी वाटते की रचनाकाराला इतके नेमके पत्र क्वचितच कोणी लिहिले असेल. तरीही तो लोटसमध्ये राहिला. कारण जिंकणारी गाडी तेथेच मिळणार, हेही त्याला ठाऊक होते.

ती गाडी म्हणजे ७२. चॅपमन आणि त्याचा रचनाकार मॉरिस फिलिप यांनी तिच्यात इतक्या नव्या कल्पना एकदम घातल्या की आजही आराखडा पाहताना थांबावे लागते.

पहिली कल्पना आकाराची. तोवरची शर्यतीची गाडी सिगारसारखी गोल, लांबट, आणि तोंडाशी भोक. त्या भोकात रेडिएटर. पाणी थंड करायला हवा हवी, म्हणून रेडिएटर पुढे, हे सगळ्यांनी धरूनच चाललेले. चॅपमनने तो पुढून काढला, त्याचे दोन भाग केले आणि चालकाच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना बसवले. एका बदलाने किती गोष्टी सुटल्या पाहा. तोंड मोकळे झाले, म्हणून ते पाचरीसारखे चपटे, धारदार करता आले. पाचर हवेत घुसते आणि वरून जाणारी हवा तिला खाली दाबते. म्हणजे अवरोध कमी आणि दाब जास्त, असा दुहेरी लाभ. गरम पाण्याच्या लांब नळ्या चालकाच्या अंगाशेजारून जाईनाशा झाल्या. पूर्वी चालकांचे पाय अक्षरशः भाजत. शिवाय वजन मागे सरकले आणि शक्ती देणाऱ्या मागच्या चाकांवर भार वाढला. पाचरीचा आकार त्याने १९६८ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी केलेल्या टर्बाइनच्या गाडीत आधी अजमावला होता. आपल्याकडे ‘पाचर मारणे’ म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणे. प्रतिस्पर्ध्यांच्या दृष्टीने ७२ने तेच केले.

दुसरी कल्पना सस्पेन्शनची. वेटोळ्यांच्या स्प्रिंगऐवजी त्याने पिळाच्या दांड्या वापरल्या, ज्यांना टॉर्शन बार म्हणतात. दांडीचे एक टोक घट्ट धरायचे, दुसरे चाकाच्या हालचालीने पिळायचे. पोलाद पीळ सोडू पाहते, तीच स्प्रिंग. ही दांडी लांबट आणि बारीक, त्यामुळे गाडीच्या पोटात कुठेही दडवता येते, हवेच्या वाटेत येत नाही.

तिसरी कल्पना ब्रेकची, आणि आपली गोष्ट तिच्याभोवती फिरते.

खड्ड्यावरून जाताना चाक वर उडते आणि स्प्रिंग त्याला परत खाली ढकलते. चाकाबरोबर जे जे उडते, म्हणजे टायर, हब, ब्रेकची जड तबकडी, त्या सगळ्याला स्प्रिंगने आवरावे लागते. हे स्प्रिंगखालचे वजन जितके कमी, तितके चाक रस्त्याला चिकटून राहते. मग ब्रेकची तबकडी चाकात हवीच कशाला? ती उचलून गाडीच्या अंगाला पक्की बसवली तर? मागच्या चाकांच्या बाबतीत हे सोपे असते, कारण तेथे इंजिनाची शक्ती नेणारे दांडे असतातच. पुढच्या चाकांना असा दांडा नसतो. चॅपमनने तो मुद्दाम घातला. पुढच्या प्रत्येक चाकापासून गाडीच्या अंगातल्या तबकडीपर्यंत एक दांडा. चालकाने ब्रेक दाबला की तबकडी धरली जाते आणि चाकाला थांबवण्याचे सगळे बळ त्या दांड्याच्या पिळातून जाते. दांड्याचे दुसरे काहीच काम नाही. तो गाडी पुढे नेत नाही, वजन पेलत नाही. दर वळणापूर्वी काही क्षण पिळला जातो, मग मोकळा होतो. फायदे खरे होते. चाक हलके झाले. तापलेली तबकडी टायरपासून दूर गेली, त्यामुळे मऊ रबराचे, जास्त पकड देणारे टायर वापरता आले. ७२ आपले टायर जपून वापरते अशी तिची पुढे ख्याती झाली.

आता माझा जुना धडा. दांडा पिळला तर सर्वांत जास्त ताण त्याच्या बाहेरच्या कातडीवर येतो, गाभ्यात जवळजवळ काहीच नाही. पंचा पिळताना बाहेरचे धागे कसे ताणले जातात ते आठवावे. मग गाभ्याचे पोलाद फुकटचे ओझे ठरते. समजा दांडा २ सेंटिमीटर जाडीचा आहे आणि त्यात १ सेंटिमीटरचे आरपार भोक पाडले. वजन चौथ्या हिश्श्याने कमी होते, पीळ सोसण्याची ताकद मात्र केवळ सोळाव्या हिश्श्याने. (ही माझ्या फळ्यावरची मापे, लोटसची नव्हेत.) हा सौदा कोणत्याही अभियंत्याला मोहात पाडणारा आहे, आणि मीही तो वर्गात कौतुकाने सांगत असे. ७२चे पुढच्या ब्रेकचे दांडे पोकळ होते. पण भोक पाडले की दांड्याला आतून आणखी एक पृष्ठभाग मिळतो. तेथे हत्याराचा ओरखडा राहिला तर तो दिसत नाही, घासून काढता येत नाही. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. त्याच जागी पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, पुन्हापुन्हा पिळल्याने तेथे केसाएवढी भेग पडते आणि ती हळूहळू वाढत जाते. पुस्तकातल्या सोळाव्या हिश्श्याच्या गणितात हा ओरखडा कुठेच नसतो.

गाडी १९ एप्रिल १९७०ला स्पेनमधल्या हारामा येथे प्रथम उतरली आणि फजिती झाली. ब्रेक लावताना बसमधले उतारू पुढे झुकतात तशी गाडीही नाक खाली घालते. ते टाळण्यासाठी चॅपमनने सस्पेन्शनची रचना तिरकी केली होती. वेग घेताना मागचा भाग बसू नये म्हणून मागेही तशीच योजना. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात चालकाच्या हातांना आणि बुडाला रस्त्याची जी खबर लागते तीच बंद झाली. रिंटची शर्यत अर्धवट सुटली, जोडीदार जॉन माइल्सला तर शर्यतीत जागाही मिळाली नाही. चॅपमनचा मोठेपणा असा की त्याने हट्ट धरला नाही. सांगाडा उकलून, पत्रे काढून, दोन्ही योजना रद्द केल्या. दरम्यान मे महिन्यात मोनॅकोची शर्यत रिंटने जुन्या ४९मध्ये जिंकली. पुढे असलेला जॅक ब्रॅबम अगदी शेवटच्या वळणावर घसरला म्हणून.

२१ जूनला झांडफोर्टला सुधारलेली ७२ आली आणि रिंटने ती शर्यत सहज जिंकली. त्या दिवशी त्याचा जवळचा मित्र पिअर्स करेज अपघातात सापडून जळून गेला. रिंटची विजयमंचावरची छायाचित्रे पाहवत नाहीत. त्याच जून महिन्याच्या आरंभी ब्रूस मॅक्लॅरन गेला होता. शर्यत सोडून देण्याच्या गोष्टी रिंट घरी करू लागला होता. विजेतेपद मिळाले की थांबेन, असे त्याने पत्नी नीनाला सांगितले होते, असे त्याच्या जवळचे लोक सांगत. पण गाडी आता अशी चालत होती की थांबणे अवघड. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ, इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅच (तेथे पुन्हा ब्रॅबमचेच पेट्रोल शेवटच्या फेरीत संपले), जर्मनीत हॉकेनहाइम. झांडफोर्ट धरून सलग चार विजय. एका विजयाला ९ गुण. मोनॅको मिळून रिंटचे ४५ झाले. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात, घरच्या लोकांसमोर, त्याचे इंजिन गेले. त्याच शर्यतीत माइल्सच्या ७२मधला पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला. माइल्सने गाडी सांभाळली आणि तो सुखरूप बाहेर आला. ही तारीख १६ ऑगस्ट.

मोंझा येथे इटलीची शर्यत तीन आठवड्यांनी आली. मोंझाचा रस्ता म्हणजे लांबच लांब सरळ पट्टे. फेरारीच्या बारा सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती डीएफव्हीपेक्षा अधिक, तेव्हा सरळ पट्ट्यावर गाठायचे तर हवेचा अवरोध कमी करायला हवा. उपाय काढला तो पंखच उतरवून ठेवण्याचा. पाचरीच्या आकारामुळे पुढचा दाब काहीसा राहतो, मागचा मात्र जातो. माइल्सने अशी गाडी चालवून पाहिली आणि ती हाताळता येत नाही असे स्पष्ट सांगितले. चॅपमनने त्यालाही पंखांविनाच चालवायला लावले. रिंटला मात्र वेग पसंत पडला. त्याने त्याप्रमाणे गिअर लावून घेतले.

५ सप्टेंबर, शनिवार, सरावाची वेळ. पॅराबोलिका हे मोंझाचे शेवटचे वळण, उजवीकडे वळणारे. तेथे ताशी सुमारे ३०० किलोमीटरवरून वेग उतरवावा लागतो. रिंटच्या मागे डेनी ह्युम होता. त्याने पाहिले ते असे : रिंटने ब्रेक लावला, गाडी किंचित डळमळली आणि एकाएकी डावीकडे वळून कठड्यावर गेली. यांत्रिक अर्थ सरळ आहे. उजव्या पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला. उजवे चाक मोकळे सुटले, डावे मात्र पूर्ण जोराने धरलेले. होडीचे एकच वल्हे पाण्यात अडकवले तर होडी त्या बाजूला वळते, तसे झाले. पंख असते तर मागची चाके अधिक घट्ट राहिली असती आणि गाडी कदाचित सावरली असती, असा तर्क करता येतो. मी तो तर्काइतकाच मानतो.

पुढचे अधिक वाईट. लोखंडी कठडा नीट बसवलेला नव्हता. गाडीचे पाचरीसारखे तोंड त्याच्या खाली घुसून खांबावर अडकले आणि पुढचा भाग उखडला गेला. हवेत घुसावे म्हणून केलेला आकार तेथे कठड्याखाली घुसला. रिंट खांद्याचे व कमरेचे पट्टे बांधी, पण मांड्यांमधून येणारे पट्टे वापरत नसे. हा बेफिकीरपणा नव्हता. त्या काळी चालकाला सगळ्यात मोठे भय आगीचे. अडकून पडण्यापेक्षा पटकन बाहेर पडता यावे हा त्याचा हिशेब, आणि करेजचे जळणे त्याने अडीच महिन्यांपूर्वीच पाहिले होते. धक्क्याने त्याचे शरीर खाली सरकले आणि पट्ट्याच्या बकलाने गळ्याला प्राणघातक जखम झाली. तो २८ वर्षांचा होता. आग लागलीच नाही.

इटलीच्या कायद्यानुसार गाडी जप्त झाली आणि चॅपमनवर न्यायालयीन कारवाई सुरू झाली. ती वर्षानुवर्षे चालली. निष्कर्ष असा निघाला की अपघाताची सुरुवात दांडा तुटल्याने झाली, पण मृत्यूचे कारण सदोष बसवलेला कठडा. चॅपमन सुटला. कायद्याच्या भाषेत कारण आणि आरंभ यांत असा भेद करता येतो आणि तो करणे योग्यही असेल. मी यंत्ररचनेचा मास्तर आहे. मला त्या दोन वाक्यांच्या मधली जागा अस्वस्थ करते. कठडा चॅपमनच्या हातात नव्हता, दांडा होता. शिवाय वीस दिवसांपूर्वी तसाच एक दांडा तुटला होता. यंत्र मोडते तेव्हा ते काहीतरी सांगत असते. ते ऐकायला वीस दिवस कमी होते का? शर्यतीच्या हंगामात कदाचित कमीच. पण रिंटच्या त्या पत्राला तर सव्वा वर्ष होऊन गेले होते. दुसऱ्या बाजूने हेही म्हटले पाहिजे की रिंटला गाडीची नाजूकता पक्की ठाऊक होती आणि पंख काढण्याचा आग्रह त्याचाही होता. एकट्या चॅपमनला खलनायक करणारे लेखन मी वाचले आहे. ते मला सोयीचे वाटते, पुरते वाटत नाही.

माइल्स लोटसमधून बाहेर पडला आणि फॉर्म्युला वनच्या जगज्जेतेपदाच्या शर्यतींत पुन्हा उतरला नाही. गंमत अशी की तो स्वतः अभियंता होता, आणि पुढे लोटसच्याच रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांच्या सस्पेन्शनवर त्याने उत्तम काम केले.

रिंटच्या ४५ गुणांना आव्हान देत होता फेरारीचा बेल्जियन चालक जॅकी इक्स. कॅनडाची शर्यत त्याने जिंकली; लोटस तेथे गेलीच नाही. ४ ऑक्टोबरला अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन येथे लोटस परत आली, चालक दोघेही नवखे : एमर्सन फिटिपाल्डी हा २३ वर्षांचा ब्राझिलियन आणि स्वीडनचा राइने विसेल. इक्सच्या गाडीत इंधनाच्या नळीचा बिघाड झाला आणि तो चौथा आला. फिटिपाल्डी, आपली अवघी चौथी ग्रां प्री धावणारा, ७२मध्ये पहिला आला. रिंटचे विजेतेपद पक्के झाले. इक्सने नंतर अनेकदा सांगितले की मेलेल्या माणसाकडून ते पद हिसकावून घ्यावे लागले नाही याचे त्याला समाधान आहे. चषक नीनाने स्वीकारला.

यापुढची कारकीर्द लांब आहे, पण ती भरभर सांगता येईल. १९७१मध्ये ७२ एकही शर्यत जिंकली नाही. फिटिपाल्डी रस्त्यावरच्या अपघातातून बरा होत होता. त्या वर्षी मोंझाला चॅपमनने जप्तीच्या भीतीने ७२ पाठवली नाही. फक्त टर्बाइनची एक गाडी, तीही ‘वर्ल्ड वाइड रेसिंग’ या दुसऱ्याच नावाखाली पाठवली. १९७२मध्ये गाडी तांबड्या-पांढऱ्या रंगांतून काळ्या आणि सोनेरी रंगात आली. सिगारेटच्या पाकिटाचे ते रंग होते, आणि गाडी खरोखरच चाकांवरचे पाकीट दिसे. जाहिरात इतकी देखणी असू शकते याचे मला वैषम्यच वाटते. फिटिपाल्डीने पाच शर्यती जिंकल्या. विजेतेपद ठरले ते मोंझालाच, १० सप्टेंबरला, पुन्हा त्याच उसन्या नावाखाली. २५ वर्षांचा फिटिपाल्डी तेव्हाचा सर्वांत तरुण जगज्जेता. तो विक्रम २००५पर्यंत टिकला.

१९७३मध्ये रॉनी पीटरसन आला. हा स्वीडिश चालक गाडी आडवी घसरवत वळणे घेई आणि तरी सर्वांत वेगाने जाई. त्याने चार, फिटिपाल्डीने तीन शर्यती जिंकल्या, संघाचे विजेतेपद लोटसला मिळाले, आणि गुण दोघांत वाटले गेल्याने चालकाचे पद जॅकी स्टुअर्टकडे गेले. मोंझाला पीटरसन पुढे आणि फिटिपाल्डी एका सेकंदाहूनही कमी अंतराने मागे होता. पुढच्याने वाट द्यावी असा इशारा चॅपमनने केला नाही. वर्ष संपताच फिटिपाल्डी मॅक्लॅरनकडे गेला.

१९७४साठी नवी ‘लोटस ७६’ तयार होती. गिअरच्या दांडीवरच्या बटणाने चालणारा क्लच वगैरे नवलाई तिच्यात भरपूर. ती चालेना, तेव्हा निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याला पुन्हा कामावर बोलवावे तशी ७२ परत आली. पीटरसनने तिच्यात मोनॅको, फ्रान्स आणि मोंझा जिंकून दाखवले. त्या वर्षी त्याचा जोडीदार होता जॅकी इक्स. चार वर्षांपूर्वी जिच्यामुळे विजेतेपद हुकले, तीच गाडी तो आता चालवत होता. ब्रँड्स हॅचला पावसात, गुणांसाठी नसलेल्या एका शर्यतीत, त्याने निकी लाउडाला बाहेरच्या बाजूने मागे टाकून ती जिंकली.

मग टायर बदलले. टायर बनवणारे आता इतर गाड्यांच्या गरजा पाहत होते. नवे टायर ७२च्या हलक्या हाताखाली पुरेसे तापतच नसत, आणि न तापलेले रबर रस्ता धरत नाही. जो गुण तिला मोठी करून गेला तोच आता आडवा आला. १९७५मध्ये एकही विजय नाही. शेवटची शर्यत ५ ऑक्टोबर १९७५ची, वॉटकिन्स ग्लेनची. पीटरसन पाचवा आला. एकूण हिशेब सहा हंगाम, २० विजय, चालकांची दोन आणि संघाची तीन विजेतेपदे.

आज दूरचित्रवाणीवर फॉर्म्युला वनची कोणतीही गाडी पाहिली तर तिचे नाक बारीक दिसते आणि चालकाच्या दोन्ही अंगांना रेडिएटरची तोंडे दिसतात. ती जागा ७२ने ठरवून दिली. तिच्यासारख्या पिळाच्या दांड्या अजून कित्येक गाड्यांच्या पोटात आहेत. मांड्यांमधले पट्टे नंतर सक्तीचे झाले. पुढच्या ब्रेकच्या तबकड्या मात्र परत चाकांत गेल्या. त्या आता कार्बनच्या असतात, वजनाने हलक्या, आणि चाकापासून तबकडीपर्यंत नेणारा दांडा कोणत्याच गाडीत नसतो.